माळेतले वाढीव मणी

माझ्या गळ्याचं दुखणं वैद्याच्या आणि हकिमाच्या आधी तुळशीच्या माळेला कळलं. लग्न होऊन मी बदनापूरजवळच्या एका गावात आले तेव्हा मुलखात निजामाचं राज्य होतं आणि घरात माझ्या सासूबाईंचं. दोन्हीकडे अर्ज करायची मुभा होती, निकाल मात्र आधीच ठरलेला असायचा. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. सासरे मी येण्याआधीच वारले होते. घर माळकरी होतं. माझं माहेर खंडोबाचं, जत्रेला बोकड कापणारं. म्हणून मी उंबरा ओलांडताच आत्याबाईंनी माझ्या गळ्यात तुळशीची दुपदरी माळ घातली आणि कायदा वाचून दाखवला.

"अंघोळीला बी काढायची न्हाई, झोपताना बी न्हाई. अन् मटनाची वासना झालीच, तर आधी माळ खुंटीला टांगायची, मंग तोंड बाटवायचं. बराबर?"

"बराबर," मी म्हणाले.

गावात दोन-तीन माळा अशा होत्या की त्या वर्षातून एखाददुसऱ्या दिवशी खुंटीवर जायच्या. त्या घरांवरून जाताना लोक आधी खुंटीकडे बघायचे आणि मग वास घ्यायचे. आमच्या घरातली खुंटी मात्र रिकामी होती. आत्याबाईंना तिचा फार अभिमान होता.

दुसऱ्या वर्षी माळ मला दाटायला लागली. आत्याबाईंनी लाकडी करंड्यातून चार मणी काढले आणि माळ वाढवून दिली. तिसऱ्या वर्षी आणखी सहा मणी ओवले. माझं तोंड सुजलं होतं, त्याला लोक तेज म्हणायचे. हनुवटीखाली गोलाई आली होती, ती खात्यापित्या घराची खूण ठरली. "सासरचं पाणी मानवलं हिला," असं म्हणत माझ्या आईने जावयाला हात जोडले. आजारी पडून माणसाचं एवढं कौतुक झालेलं मी पुढे कधी पाहिलं नाही.

ते कौतुक फार टिकलं नाही, कारण मला झोप यायला लागली. पहाटे जात्यावर बसायचं आणि खुंटा हातात धरून डोळा लागायचा. जात्याची घरघर थांबली की आतल्या खोलीत आत्याबाईंना जाग यायची. माझा आवाज इतका घोगरा झाला की दारात आलेला माणूस "आत कोण गडी हाय?" म्हणून विचारायचा. वैशाखात गाव सावली शोधायचं आणि मी गोधडी घेऊन उन्हात बसायचे. केस फणीत येत होते, भुवया बाहेरच्या बाजूने झडून अर्ध्या राहिल्या होत्या. दोनदा दिवस गेले आणि दोनदा पदरात काही पडलं नाही. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही.

या सगळ्याला आत्याबाईंकडे एकच शब्द होता, ऐदी. शेजारणीने विचारलं, "सून कुठं हाय?" की उत्तर यायचं, "झोपून राह्यली असंल, ऐदी." मी पाण्याची घागर घेऊन सावकाश आले की "आली, ऐदी." घरातल्या म्हशीला नाव होतं. माझंही एक नाव होतं म्हणे, पण ते मी लग्नात उखाण्याच्या वेळी शेवटचं ऐकलं.

मग एके दिवशी तूर पाखडता पाखडता आत्याबाईंनी सांगून टाकलं की त्यांच्या माहेरी एक मुलगी आहे. चांगली चटपटीत आहे. दावं तोडून पळालेल्या वासराला तिने दोन शेतं ओलांडून धरून आणलं होतं.

"यंदाच्या लगीनसराईत आणू तिला," त्या म्हणाल्या. "तू बी राहा. ती काम करंल, तू झोप. तुझं बी बरंच व्हईल."

हे त्या रागाने म्हणाल्या असत्या तर मी भांडले असते. पण त्यांना ते खरंच सोयीचं वाटत होतं. मी खूप घाबरले. सवतीची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती अशी की तो शब्द मला स्वतःलाच पटायला लागला होता. सगळ्या घराला दिसतंय ते खोटं कसं असेल? कदाचित मी ऐदीच असेन, असं वाटून मी स्वतःला चिमटे काढत बसायचे, आणि चिमटा काढता काढता मला झोप लागायची.

माझ्या नवऱ्याचं यावर मत काय होतं? तो फार सज्जन माणूस. पेरणी कधी करायची, बैल कोणता घ्यायचा, दाढी आज करायची की उद्या, सगळ्याला त्याचं एकच उत्तर होतं, "आईला विचारू." दुसरं लग्न करू का, हेही त्याने आईलाच विचारलं असतं. पण ते विचारायच्या आधीच ठरलं होतं.

आत्याबाई न्यायी होत्या, हे मान्य करायला हवं. लगीनसराईला सहा-सात महिने होते. "तोवर इलाज करू," त्या म्हणाल्या, "मंग कुनी म्हनायला नको." अशा रीतीने माझे इलाज सुरू झाले. मी बरी व्हावं यापेक्षा नंतर कुणी काही बोलू नये, हा त्यांचा मुख्य हेतू होता.

पहिला आला तो डाग देणारा. त्याने माझा गळा नीट बघितला, मान हलवली आणि लोखंडाची सळई तापवून माझ्या डाव्या मनगटावर टेकवली. रोग गळ्यात आणि डाग मनगटावर का, असं मी किंचाळून झाल्यावर विचारलं. तो म्हणाला, शीर तिकडून येती. तो डाग अजून आहे. आता म्हातारपणी नातवंडं विचारतात तेव्हा मी सांगते, इथून शीर येती.

दुसरे जालन्याचे वैद्यबुवा. त्यांनी कफ म्हणून निदान केलं, कांचनाराच्या सालीचा काढा दिला आणि दही, केळं, भात, गूळ बंद केलं. तीन महिने मी तो काढा प्यायले. काढ्याचा परिणाम एवढाच झाला की माझ्यासमोर कुणीही कडू कारल्याची तक्रार केली की मला हसू यायचं. माळेत आणखी तीन मणी वाढले.

मग आत्याबाईंनी देवीकडे दाद मागितली. पिंपळगावच्या रेणुकाईला नवस बोलल्या की सुनेचा गळा बरा कर, तुला चांदीचा गळा वाहीन. देवीला चांदीचे डोळे वाहतात, हात-पाय वाहतात, पाळणा वाहतात. त्या सगळ्यांचे साचे सोनाराकडे असतात. गळ्याचा साचा कुणाकडेच नव्हता, कारण त्या मुलखात गळ्याचा नवस आजवर कुणी बोललंच नव्हतं. सोनाराने दोन दिवस विचार केला आणि चांदीची एक जाड, पोकळ, गोल वस्तू घडवून दिली. नवस फेडायचा तो बरं झाल्यावर, पण आत्याबाईंचा व्यवहार रोखीचा. "आधी देऊ, म्हंजी तिला बी लाज वाटंल," त्या म्हणाल्या.

बैलगाडीने आम्ही देवीला गेलो. पुजाऱ्याने ती वस्तू उलटसुलट करून बघितली.

"बाई, ही घागरीखालची चुंबळ हाये का?"

"गळा हाये तो," आत्याबाई तडकल्या.

पुजाऱ्याने तो देवीसमोर ठेवला. मी हात जोडून वर बघितलं. रेणुकाईचं नुसतं मुखच. शेंदराने माखलेलं, मोठ्या डोळ्यांचं, आणि खाली गळाच नाही. त्या क्षणी मला पहिल्यांदा देवीची कीव आली. म्हटलं, आई, तुला गळा नाही, मला जास्त झालाय, आपण दोघी एकमेकींना काय सांगणार? देवळात मला हसू फुटलं, घोगऱ्या आवाजात. आत्याबाईंनी कोपर मारलं.

लगीनसराईला दोन महिने उरले तेव्हा नवरा मला जुन्या जालन्यातल्या हकीमसाहेबांकडे घेऊन गेला. आईला विचारूनच. हकीमसाहेब पांढऱ्या दाढीचे, फार अदबीचे. त्यांनी रुमालावरून माझी नाडी धरली आणि बराच वेळ डोळे मिटून बसले. त्यांचं निदान होतं बलगम. म्हणजे कफच, फक्त उर्दूत. त्यांनी माजून नावाचं एक गोड चाटण दिलं आणि वांगं, मसूर, शिळं अन्न बंद केलं. वैद्यबुवांचं आणि हकीमसाहेबांचं पथ्य एकत्र धरलं तर मला फक्त ज्वारीची भाकरी आणि मीठ खाता येत होतं. तरीही मी जाड होत होते. आत्याबाई माझ्या ताटाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघायच्या. मी चोरून खाते अशी त्यांची खात्री पटली होती.

महिन्याभराने परत गेलो तेव्हा हकीमसाहेबांनी पुन्हा नाडी धरली. या वेळी त्यांनी डोळे लवकर उघडले. "बेटी, ये मेरे बस का नहीं," ते म्हणाले. "मिशन के दवाखाने में डॉक्टरनी है, उसको दिखाओ. वक्त मत खोना." इतक्या इलाजांत, मला जमत नाही असं म्हणणारा तो एकच माणूस भेटला. त्यांच्याबद्दल मला आजही आदर आहे.

नवरा बाहेर येऊन उभा राहिला. आईला विचारायला गावी जायचं तर एक दिवस मोडणार होता. त्याने डोकं खाजवलं, टांगेवाल्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "आलोच हावोत तर दाखवून जाऊ." लग्नानंतरचा हा त्याचा पहिला स्वतंत्र निर्णय.

डॉक्टरीणबाई गोऱ्या, उंच, आणि त्यांचं मराठी पुस्तकातलं. त्यांनी माझ्या भुवयांवरून बोट फिरवलं, मला पाणी प्यायला दिलं आणि पिताना गळ्याकडे बघितलं. मग विचारलं, "बाई, तुम्हाला उन्हाळ्यातही थंडी वाजते काय?"

मी रडायला लागले. पाच वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. थंडी वाजते हे मी सांगितलं की लोक नाटक म्हणायचे, आणि ही परक्या मुलखातली बाई आपण होऊन विचारत होती.

"तुम्ही आळशी नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या गळ्यात एक ग्रंथी आहे, ती आळशी झाली आहे. ती काम करत नाही, म्हणून तुम्हाला करता येत नाही."

"मंग तिला सांगा की काम कर म्हनून," नवरा काकुळतीने म्हणाला.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी कपाटातून गोळ्यांची बाटली काढली, आणि ती माझ्या हातात द्यायच्या आधी माझ्या माळेकडे बघितलं. "हे मी सांगितलंच पाहिजे," त्या म्हणाल्या. "ही गोळी मेंढ्याच्या गळ्यातली ग्रंथी वाळवून केलेली आहे. दुसरं औषध माझ्याकडे नाही. ही रोज घ्यावी लागेल, बहुधा जन्मभर. घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवा."

जालन्याच्या स्टेशनवर आम्ही गाडीची वाट बघत बसलो. बाटली माझ्या ओच्यात होती. गाडी आली, आम्ही बसलो, बदनापूर आलं, उतरलो. गावच्या वाटेला लागल्यावर नवरा म्हणाला, "मडमेचं मराठी मला काय समजलं न्हाई बघ. पाल्याची गोळी म्हन्ली व्हती ना ती?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो समोर बघत चालला होता.

"व्हय," मी म्हणाले. "पाल्याचीच."

"आईला तसंच सांगू," तो म्हणाला, आणि भरभर पुढे गेला. त्या माणसावर माझा जीव जडला असेल तर तो त्या वाटेवर.

गोळी घ्यायची हे ठरलं, पण माळेचं काय? देवाला फसवायची माझी तयारी नव्हती. देवाला सांगून करायचं आणि आत्याबाईंना फसवायचं, असा मी मार्ग काढला. गोळ्या हिंगाच्या डबीत ठेवल्या, म्हणजे मेंढ्याचा वास आला तरी हिंगात दबेल. रोज सकाळी न्हाणीत जायचं, तिथल्या खुंटीवर माळ टांगायची, गोळी गिळायची, सात चुळा भरायच्या, मग माळ परत गळ्यात. आपण फार हुशार आहोत असं मला वाटत होतं. न्हाणीला पडदा गोणपाटाचा होता, आणि त्याला भोकं किती होती ते मी कधी मोजलं नाही.

दीड-दोन महिन्यांत मी पहाटे जात्यावर जागी राहायला लागले. आवाज परत बाईचा झाला. गोधडी पेटीत गेली. आत्याबाईंनी माळ हातात घेतली, ती सैल लोंबत होती. त्यांनी दोरा सोडवून मणी काढायला सुरुवात केली आणि लगीनसराई तशीच निघून गेली. वासरू धरणारी मुलगी दुसऱ्या गावात दिली. पुढच्या वर्षी मला मुलगा झाला, त्यानंतर मुलगी.

यश आलं की धनी पुष्कळ मिळतात. डाग देणारा गावोगाव माझं उदाहरण सांगायला लागला. वैद्यबुवांनी निरोप धाडला की काढ्याचा गुण उशिरा येतो, पण येतो. हकीमसाहेब तेवढे काही बोलले नाहीत. आत्याबाईंनी मात्र भर बाजारात जाहीर केलं की ही रेणुकाईची करणी. पाल्याच्या गोळीचं त्यांनी नावही घेतलं नाही. सोनाराने गळ्याचा साचाच करून घेतला. त्यानंतर ज्याचा घसा बसेल, ज्याला खोकला येईल, तो देवीला चांदीची चुंबळ वाहायला लागला.

अशी पाच-सहा वर्षं गेली. नवरा महिन्यातून एकदा सरकी बघायला म्हणून जालन्याला जायचा आणि बाटली घेऊन यायचा. लढाई चालू झाली, कापड मिळेना, घासलेट मिळेना, पण डॉक्टरीणबाईंनी माझी बाटली कशीबशी सांभाळली.

लढाई संपली त्या सुमारास आत्याबाई संत व्हायला लागल्या. त्यांचं बोलणं सावकाश झालं, एकेक शब्द तोलून टाकल्यासारखं. भजनात बसल्या की डोळे मिटायच्या आणि भजन संपलं तरी उघडायच्या नाहीत. लोक म्हणायचे, समाधी लागली. बायका येऊन पाया पडायच्या. त्यांचा आवाज जड झाला, तर म्हणायचे, वाणीला वजन आलं. चैत्रात त्या घोंगडी पांघरून उन्हात बसायच्या, आणि एका बाईने मला हळू आवाजात सांगितलं की मोठ्या माणसांना ऊन-सावली सारखीच असते.

मी एकटीच ओळखून होते. सुनेला आलेली झोप आळस असते आणि सासूला आलेली झोप समाधी असते, हे बघून मला आतून उकळ्या फुटत होत्या. खोटं कशाला सांगू, महिना-दीड महिना मी ते मजेत बघितलं. एकदा त्या चुलीपुढे बसल्या बसल्या पेंगल्या आणि भाकरी करपली. "ऐदी" हा शब्द माझ्या अगदी ओठांवर आला होता.

मग एके दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि गळ्याची माळ पुढे केली. "दाटून राह्यली गं," त्या म्हणाल्या. "मनी वाढव."

करंड्यात तेच मणी होते, माझ्या गळ्यातून काढलेले. मी चार ओवले. आता मला सगळं सांगायला पाहिजे होतं. पण सांगायचं म्हणजे हेही सांगायचं की पाच-सहा वर्षं या माळकरी घरात रोज मेंढा शिरतोय. त्या मला घराबाहेर काढतील, निदान स्वयंपाकघराबाहेर तरी. आणि सांगितल्यावर त्या ते औषध घेतील कशा? मी दोन दिवस गप्प राहिले. त्या दोन दिवसांची मला अजून लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीत गेले तर आत्याबाई आधीच तिथे उभ्या होत्या. भिंतीला धरून. त्यांनी दोन्ही हात वर केले, गळ्यातली माळ काढली आणि खुंटीला अडकवली. मी त्यांना त्या माळेशिवाय कधी बघितलं नव्हतं. मग त्यांनी माझ्यापुढे हात पसरला.

"दे. हिंगाच्या डबीतली."

"आत्याबाई, ती गोळी कशाची हाये..."

"ठावं हाय. पयल्याच आठवड्यात पाह्यलं व्हतं म्या. माळ खुंटीला टांगून मानूस काय पाला खातं व्हय?"

एवढी वर्षं सगळ्या गावाला देवीची करणी सांगत फिरणाऱ्या बाईला पहिल्या आठवड्यापासून सगळं माहीत होतं. तिने माझ्यावर देवीचं पांघरूण घातलं होतं. मी म्हटलं, "अशी कुणाची गोळी कुणी घ्यायची नसती. आधी डॉक्टरीणबाईला दाखवू."

त्याच दिवशी आम्ही दोघी बदनापूरहून गाडीत बसलो. त्यांची माळ घरी खुंटीवरच होती. आत्याबाई वाटेत झोपल्या, त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं.

डॉक्टरीणबाई आता थोड्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि काही विचारायच्या आधीच आत्याबाई घाईघाईने, त्या जड आवाजात म्हणाल्या, "बाई, आधी सांगते. म्या ऐदी न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मग त्यांनी आत्याबाईंचा हात हातात घेतला आणि तेच वाक्य म्हटलं, जे मला म्हटलं होतं, तुम्ही आळशी नाही. आत्याबाई रडल्या. मीही रडले, पण मला वाटतं आमचं रडणं एकाच गोष्टीसाठी नव्हतं.

परतताना गाडीत त्या जाग्या होत्या, ओच्यात स्वतःची बाटली घेऊन. खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "म्या तुला लय येळा म्हन्लं ते."

"व्हय," मी म्हणाले.

"किती येळा?"

"मोजलं न्हाई."

"मोजायला पायजे व्हतं," त्या म्हणाल्या. "माझ्या हातात जपाची माळ असायची अन् तोंडात तुझं ऐदी. म्या देवाचं नाव घेऊन राह्यले असं समजत व्हते."

दुसऱ्या दिवशी सकाळी खुंटीवर दोन माळा होत्या. आत्याबाईंनी आधी माझी उतरवली, माझ्या गळ्यात घातली, आणि लग्नानंतर पहिल्यांदा मला माझ्या नावाने हाक मारून म्हणाल्या, "जा, तू झोप जरा. जात्याचं म्या बघते."